पारडीची घंटी

गौतमी सिस्टर लोखंडी टेबल ढकलत होती. एकटीच. कोटाच्या बाह्या कोपराच्या वर सारलेल्या, पाठ भिंतीला टेकवलेली आणि दोन्ही पायांनी जोर. टेबलाच्या पायांचा फरशीवर असा आवाज होत होता की बाहेर बाकड्यावरच्या बायांनी कानात बोटं घातली.

दवाखान्याचा शिपाई श्रीपत. चहाचा ग्लास हातात धरून त्यानं दार ढकललं.

"अवो सिस्टर, फरशी फुटंल! हाय तिथं काय वाईट हाय त्याला?"

"त्याचे पाय दाराकडं आहेत, मामा."

"मग?"

"आत्ता तुम्ही दार उघडलंत. टेबलावर एखादी बाई असती, तर काय दिसलं असतं तुम्हाला?"

श्रीपत ग्लासाकडं बघत राहिला. मग ग्लास खिडकीत ठेवला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खांदा लावला. टेबल फिरलं. बाईचं डोकं दाराकडं, पाय भिंतीकडं. त्या दिवसापासून श्रीपत त्या दारावर टकटक केल्याबिगर आत गेला नाय. खोली रिकामी असली तरी टकटक करायचा. लोक हसायचे, पण करायचा.

हे सगळं बाकड्यावरून ज्योती बघत होती. टेबल कुठं का फिरंना, तिला काय करायचं होतं? ती पळायला वाट शोधत होती.

ज्योती पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर जी वाडी हाय तिथली सून. म्हशी, दोन वावरं, आणि सगळी मिळून पंधरा-वीस घरं. शाळा तिनं सातवीत सोडली. पुढची शाळा खाली होती, आणि म्हशी काय मार्क विचारत नायत. म्हशींम्होरं तिची जीभ कोयत्यासारखी चालायची. पण सासूम्होरं ती मुकी. तिथली रीतच तशी.

त्या वर्षी तिला होळीपासून अंगावरून जायला लागलं. थोडं थोडं, पण थांबायचं नाव नाय. आता वाडीत बाई बाहेरची असली की गोठ्यात पाय ठेवत नाय. चार दिवसांचं असतं तोवर कोण काय म्हणत नाय, उलट बाईला जरा बसायला मिळतं. पण ज्योतीचे चार दिवस संपेचनात. पावसाळा आला, गेला, तरी ती ओट्यावरच. नवरा राजू मुंबईत हॉटेलात कामाला. धार काढायला सासू, चंपाबाई. आणि चांदी नावाची जी म्हस होती ती चंपाबाईच्या हाताला पान्हा सोडायची नाय. लाथ मारायची, बादली सांडायची. शेवटी चंपाबाईनं सांगून टाकलं, "दिवाळी झाली का चांदीला विकायची. माज्यानं व्हत नाय."

चांदी ज्योतीनं स्वतःच्या हातानं वाढवलेली. बाळंत पण तिनंच केलेली. म्हणून तर ती डोंगर उतरून दवाखान्यात आली होती. नायतर ती मेली असती पण आली नसती.

कारण आधी एकदा खालच्या गावात कुठल्याशा मंडळाचं शिबीर भरलं होतं. शाळेच्या वर्गात बेंच जोडून टेबल केलेलं, अर्धा पडदा, आणि पडद्याखालून सगळ्यांच्या चपला दिसत होत्या. ज्योतीला आडवं केलं. काय करणार, कशानं करणार, कुणी बोललं नाय. सासूनं मनगटं धरली. थंड लोखंड लागलं आणि ज्योतीनं लाथ झाडली. ट्रे उडाला, तो फळ्यावर जाऊन आदळला. ज्योती तशीच पळाली. वाडीत नंतर पोरं तिला बघून "ट्रेऽऽ" करून ओरडायची.

तर त्या दिवशी टेबल फिरवून झाल्यावर गौतमी सिस्टरनं हाक मारली. सिस्टर महाडची, बौद्धवाडीतली. रोज एसटीनं यायची. बोलायला गोड, पण हाताला घाई.

"ये गं ज्योती. सासूबाई आत आल्या तर चालेल ना तुला?"

ज्योतीनं पदर पुढं ओढला आणि फरशीकडं बघितलं.

"चालंल, चालंल," चंपाबाई म्हणाली. "मीच तिची आय, मीच तिची सास."

सिस्टरनं मान डोलावली आणि दोघींना आत घेतलं. तिला वाटलं, घरचं माणूस जवळ असलेलं बरं. ज्योती टेबलावर चढली. चंपाबाईनं मागून दोन्ही मनगटं गच्च धरली. "गप पड गो. एका मिनटाचं काम."

सिस्टर हातमोजे घालून वळली, तर टेबल रिकामं. ज्योती फाटकाच्या बाहेर. चपला टेबलाखाली तशाच.

श्रीपत म्हणाला, "टेबल फिरवलं सिस्टर, पन बाईच पळाली."

सिस्टर काय हसली नाय.

रविवारी तिची सुट्टी. त्या रविवारी ती महाडहून एसटीनं आली, पायथ्याला उतरली आणि डोंगर चढली. हातात पिशवी. वाडीत पोचली तेव्हा तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, आणि दम इतका की शब्द फुटंना. ओट्यावर ज्योती एकटीच बसली होती. चंपाबाई दूध घेऊन खाली गेलेली.

सिस्टरनं पिशवीतून चपला काढून तिच्या पायाशी ठेवल्या.

"यवड्यासाठी चढलाव?" ज्योती म्हणाली. "फेकायच्या व्हत्या. पट्टा तुटकाच हाय."

"पाणी दे आधी."

"मी नाय देऊ शकत. बाहेरची हाय. तो हंडा हाय, घ्या तुमच्या हातानं."

सिस्टरनं पाणी घेतलं. दोन तांबे प्यायली. मग ओट्यावर बसली, ज्योतीच्या बाजूलाच, खेटून. ज्योती सरकली, तर सिस्टर परत सरकली.

"माझं चुकलं," सिस्टर म्हणाली. "तू गप्प राहिलीस. मला वाटलं, हो म्हणालीस."

"आमच्यात सासूम्होरं गप म्हंजे नाय."

"मला काय माहीत? मी महाडची."

"मंग इचारायचं."

"विचारलं की!"

"सासूम्होरं इचारलंव. ते काय इचारनं झालं?"

सिस्टरनं तांब्या बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आता इथं कोण नाही. आता विचारते. आधी कुणी तपासलंय तुला? तेव्हा काय झालं होतं?"

असं ज्योतीला कुणी विचारलंच नव्हतं. राजूनं नाय, सासूनं नाय. तिनं शिबिराचं सगळं सांगितलं. ट्रेचं पण. ट्रे फळ्यावर आदळला म्हटल्यावर सिस्टरला हसू आलं, ते तिनं गिळलं.

"आमच्याकडं गुरुवारी बाई डॉक्टर येतात," सिस्टर म्हणाली. "पुरुष डॉक्टर नको असेल तर गुरुवारी ये."

"तिथं शिबिरात बाईच व्हती डाक्टर. बाई असू दे नायतर बाप्या असू दे. मला इचारलं पायजे, आनि मी थांब म्हनलं का थांबलं पायजे."

"मग म्हण की थांब."

"तोंडातनं नाय निघत ना!" ज्योती चिडून म्हणाली. "आडवं पडलं, पाय वर घेतलं का जीभ टाळूला चिकटते. तुमाला काय कळनार?"

"बरं, मग हात वर कर."

"तुमी दोगं चिमटं बगत असाल. हात कोन बगतंय?"

गोठ्यातून चांदी ओरडली. ज्योती उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. गोठ्याच्या खांबाला एक पितळी घंटी अडकवलेली होती, सुपारीपेक्षा थोडी मोठी.

"ती काडून द्या मला. मला शिवायचं नाय तिथं."

सिस्टर गोठ्यात गेली. चांदीनं शिंग उगारलं तशी ती "अगं बाई" करून खांबाला चिकटली. ज्योती पोट धरून हसली, कित्येक महिन्यांनी. सिस्टरनं घंटी आणली.

"चांदीच्या पारडीची," ज्योती म्हणाली. "गेल्या साली कड्यावरनं गेली ती. रानात पारडी चरत असंल तर घंटी वाजत रायते. गप झाली का धावायचं. कुटंतरी अडकली आसंल."

"पारडी गप झाली की तू धावतेस," सिस्टर हळूच म्हणाली, "आणि तू गप झालीस तर मी हो समजले."

ज्योतीनं घंटी कनवटीला खोचली. "मी येते गुरवारी. पन ही हातात आसंल. तोंड नाय चाललं तर ही वाजवीन. वाजली का हात मागं."

"कबूल."

"त्या डाक्टरलापन सांगा."

"सांगते. पण गुरुवारी बाईंकडं, की बाकीच्या दिवशी डॉक्टर सुहास असतात तेव्हा?"

"कोनपन चालंल. मंगळवारी येते. गुरवार लांब हाय."

मंगळवारी चंपाबाई पण आली. तिला बाहेर कसं ठेवायचं, हा प्रश्न सिस्टरनं झटक्यात सोडवला. "चंपाबाई, सूनबाईला नंतर चहा लागेल. समोरच्या टपरीवर तुम्ही स्वतः उभ्या राहून करून घ्या, आलं घालून. त्याला जमत नाही." चंपाबाईला असं काम दिलं की ती खूष. मामाला पण सांगितलं, टकटक करायची नाय, कुणाला येऊ द्यायचं नाय, दाराबाहेर उभं राहायचं.

आत कडी लावली. सिस्टरनं पहिल्यांदा ज्योतीला लघवीला पाठवलं. मग तपासायचं ते स्टीलचं हत्यार तिच्या हातात दिलं. "बघ. बदकाच्या चोचीसारखं आहे. असं उघडतं, एवढंच. त्यानं कापत नाहीत." ज्योतीनं ते उघडलं, मिटलं, वास घेऊन बघितला. सिस्टरनं दुसरं तसंच, निर्जंतुक केलेलं, कोमट पाण्यात धरलं आणि त्याच पाण्याचा थेंब हातमोज्याच्या वर, मनगटाच्या आतल्या अंगाला लावून बघितला. आई पोराच्या दुधाचा थेंब बघते ना, तसं.

"साडी सोडायची नाही," ती म्हणाली. "नुसती वर घ्यायची, पडद्यामागं, तुझी तू. मी बघत नाही. झाली की पांघरूण ओढून घे आणि सांग. पांघरुणाचं टोक तुझ्याच हातात राहील. तू उचलशील तेवढंच उचललं जाईल."

ज्योतीनं सांगितल्यावर मगच सिस्टर पडद्याआड आली. डॉक्टर सुहास पोरसवदा माणूस. त्यानं पहिल्यांदा ज्योतीच्या तोंडाकडं बघून नाव सांगितलं, काय करणार ते सांगितलं आणि विचारलं, "चालेल का?"

"चालंल," ज्योती म्हणाली. स्वतःच्या तोंडानं.

सिस्टर तिच्या डोक्याशी उभी राहिली. हत्यारांकडं नाय, तोंडाकडं बघत. "आता डॉक्टर गुडघ्याला हात लावतील," ती म्हणाली.

घंटी वाजली.

डॉक्टरचा हात हवेतच थांबला. अजून लावला पण नव्हता. सिस्टर वाकली. "काय गं? दुखलं?"

"नाय," ज्योती म्हणाली. "थांबताव का ते बगितलं."

डॉक्टर सुहास हसला नाय. "थांबलोय," म्हणाला. "तुम्ही सांगाल तेव्हा पुढं."

तेवढ्यात बाहेर एकच आरडाओरडा. श्रीपतनं घंटी ऐकली आणि त्याला वाटलं म्हस दवाखान्यात शिरली. दोन दिवसांपूर्वी एक रेडा बागेतली जास्वंद खाऊन गेला होता, त्याचा राग होताच. "हैक! हैक! कुनाची हाय रं म्हस?" काठी घेऊन तो सगळ्या दवाखान्याला फेरी मारत होता. मागं बाकड्यावरच्या बाया. टपरीवरून चंपाबाईचा आवाज, "चांदी आली काय गो खाली?"

टेबलावर ज्योतीला हसू फुटलं. पहिल्यांदा तोंड दाबून, मग मोकळं. सिस्टर कोटाची बाही तोंडात घालून हसत होती. डॉक्टर भिंतीकडं तोंड करून हसत होता. आणि त्या हसण्यात ज्योतीचं अंग, जे होळीपासून दगड झालं होतं, ते ढिलं पडलं. तिला स्वतःला कळलं ते.

"आता?" डॉक्टरनं विचारलं.

"आता करा."

प्रत्येक गोष्ट सिस्टर आधी सांगायची. आता पाणी लागेल. आता दाबल्यासारखं वाटेल. श्वास सोड. मधे दुखलं तेव्हा घंटी परत वाजली आणि परत हात मागं आला. दोघांनी तिच्या अंगावरून आपसात एक शब्द काढला नाय, जे बोलले ते तिच्याशी. शेवटी डॉक्टर म्हणाला, "सापडलं. पिशवीच्या तोंडाशी बोराएवढा मस आहे. त्यातून रक्त येतंय."

ज्योती म्हणाली, "मंग काडा."

"असं नाही," सिस्टर म्हणाली. "बघायला हो म्हणालीस, काढायला नाही. ऊठ. पूस, साडी सारखी कर, खुर्चीवर बस. मग डॉक्टर सांगतील कसा काढतात, काय होऊ शकतं. मग सांग."

दोघं पडद्याबाहेर गेले. ज्योती खुर्चीवर बसली, सगळं ऐकलं, वाट्टेल ते विचारलं. पुढं पोर होईल ना, म्हस हाकता येईल ना, मेले तर? सगळ्याला उत्तरं मिळाली. मस काढला तो दुसऱ्या खेपेला, तपासायला पाठवला, त्यात वाईट काय निघालं नाय. आणि चंपाबाईचा आल्याचा चहा त्या दिवशी निवून गेला, तिनं तो परत उकळून घेतला.

दिवाळीच्या आधी ज्योती गोठ्यात गेली. चांदीनं पहिल्यांदा शिंग उगारलं, रागच होता तिला. मग वास घेतला. मग पान्हा सोडला. बादली भरली तरी ज्योती उठली नाय. चांदी काय विकली नाय.

घंटी तिनं सिस्टरला दिली. "माज्या पारडीची हाय. पन इथंच असू दे. माज्यासारख्या अजून हायत वर." सिस्टरनं टेबलाच्या डोक्याशी खिळा ठोकून ती अडकवली.

मग घंटीची वर्षं आली. काय दिवस होते ते! वाड्यावाड्यांतून बाया यायच्या. नाव माहीत नसायचं, "घंटीवाली सिस्टर कुठं बसते?" विचारायच्या. ज्योती दर खेपेला एखादीला हाताला धरून आणायची आणि बाकड्यावर बसून श्रीपतशी भांडण उकरून काढायची. "मामा, म्हस आली काय?" श्रीपत काठी दाखवायचा. सिस्टर आतून ओरडायची, "हळू! इथं कुणीतरी कपडे बदलतंय!" चंपाबाई पण एकदा स्वतः टेबलावर चढली, आणि सिस्टरनं विचारलं, "सूनबाई आत असली तर चालेल?" चंपाबाई म्हणाली, "नको! तिला चाय आनाया पाठवा." सिस्टर आणि ज्योती दोघी किती तरी दिवस त्यावर हसत होत्या. एकवीसच्या पुरात सिस्टरचं महाडातलं घर माळ्यापर्यंत भरलं. ती कामावर आली ती दुसऱ्याच्या कपड्यात, आणि आल्या आल्या तिनं घंटीवरची धूळ पुसली. ज्योतीनं तिला आपल्या घरचं तूप नेऊन दिलं, तर म्हणाली, "ठेवू कुठं? चूलपण वाहून गेली."

मग सिस्टर रिटायर झाली. निरोपाच्या दिवशी ज्योतीला यायला जमलं नाय, चांदीची लेक व्यायली होती. पुढच्या महिन्यात ती एका पोरीला घेऊन आली, तर टेबलाच्या डोक्याशी नुसता खिळा.

नवी सिस्टर दीक्षा. ज्योतीनं तिला धरलीच. "घंटी कुटाय? कुनी उचलली? इकली काय?"

"मी नाही हो घेतली. गौतमी मॅडमच घेऊन गेल्या."

ज्योती गप झाली. जी बाई गुडघ्याला हात लावायच्या आधी विचारायची, तिनं माझ्या पारडीची घंटी न विचारता नेली? दुसरं कुणी बोललं असतं सिस्टरबद्दल तर ज्योतीनं त्याचं तोंड फोडलं असतं. पण स्वतःच्या मनाचं तोंड कसं फोडणार? महाडला जाऊन आली. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, लेकाकडं पनवेलला. फोन लावला, उचलला नाय. ज्योतीनं परत लावला नाय. वर्ष गेलं. दवाखान्यात ती बाया आणायची, पण खिळ्याकडं बघायची नाय. दीक्षा सिस्टर सगळं नीट करायची, विचारायची, थांबायची पण. तरी ज्योती तिला नावं ठेवायची, उगाच.

परवाच्या उन्हाळ्यात सिस्टरचा लेक चंदन वाडीवर आला. वीर स्टेशनला रेल्वेतून उतरला, रिक्षानं महाड, मग एसटी, मग डोंगर. आईसारखाच लालबुंद. ओट्यावर बसला, दोन तांबे पाणी प्यायला आणि पिशवीतून घंटी काढून ज्योतीच्या पायाशी ठेवली.

"आईनं पाठवलीय. म्हणाली, हिची जागा खिळ्यावर. आई बरी आहे आता. उपचार संपले. डोंगर चढवत नाही, नाहीतर तीच आली असती."

"कसले उपचार?"

चंदननं सांगितलं. रिटायर व्हायच्या आधी वर्षभर आईच्या अंगावरून जात होतं, आणि तिनं ते अंगावर काढलं. एवढ्या बायांना टेबलावर चढवलं, पण स्वतः चढायला तयार नव्हती. शेवटी मुंबईच्या दवाखान्यात जायला एका अटीवर तयार झाली, घंटी बरोबर पाहिजे. पण न्यायच्या आधी तिनं श्रीपतमामाकडं निरोप ठेवला होता: ज्योतीला विचारा, नेऊ का. मामानं दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं, ज्योती हो म्हणते.

"मला कुनी इचारलं न्हवतं!"

"माहीत आहे. मामानं परवा कबूल केलं. म्हणाले, डोंगर कोण चढणार, पोरगी नाय थोडीच म्हणणार होती."

ज्योतीनं श्रीपतला तिथूनच एक सणसणीत शिवी घातली. मग घंटी उचलून पदरानं पुसली आणि विचारलं, "तिकडं वाजवली काय तिनं?"

वाजवली होती. चंदन दाराबाहेर उभा होता, त्यानं ऐकली. आत काय झालं ते आईनं नंतर सांगितलं: डॉक्टरबाईंनी हात पुढं केला होता, अजून लावला पण नव्हता. त्या दचकून थांबल्या, विचारलं, काय झालं मावशी, दुखलं का? आणि आई म्हणाली, "नाही. थांबता का ते बघितलं."